आधी चाकं, मग इंजिन

मेक्सिकोचा बाहा कॅलिफोर्निया हा द्वीपकल्प अमेरिकेच्या सीमेपासून दक्षिणेकडे सुमारे साडेबाराशे किलोमीटर पसरलेला आहे. त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग पक्का रस्ता झाला तो १९७३ साली. त्याआधी तिथे वाळू, कोरडी नदीपात्रं, दगड आणि निवडुंगांतून गेलेल्या चाकोऱ्या होत्या. १९६२ साली डेव्ह एकिन्स हा स्वार होंडाच्या २५० सीसी मोटरसायकलवर तिहुआनाहून ला पाझला ३९ तास ५६ मिनिटांत पोचला आणि या वाटेची स्पर्धा सुरू झाली. १९६७ मध्ये पहिली 'मेक्सिकन १०००' शर्यत झाली. फोक्सवॅगनचे भाग वापरून घडवलेल्या, फायबरग्लासच्या मेयर्स मँक्स बग्गीत विक विल्सन आणि टेड मँगल्स यांनी ती २७ तास ३८ मिनिटांत जिंकली. हीच शर्यत पुढे 'बाहा १०००' झाली.

या वाळवंटासाठी ट्रक घडवण्याची विद्या सीमेच्या उत्तरेला, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या लहान लहान वर्कशॉपांत वाढली. लाँग बीचच्या बिल स्ट्रॉप यांच्या वर्कशॉपमध्ये पार्नेली जोन्सची 'बिग ओली' तयार झाली. वरून ती फोर्ड ब्रॉन्को दिसे, आत मात्र नळ्या वेल्ड करून केलेला स्वतंत्र सांगाडा होता. १९६३ची इंडियानापोलिस ५०० जिंकलेल्या जोन्सने १९७१ आणि १९७२ अशी सलग दोन वर्षं बाहाची शर्यत तिच्यावर जिंकली. १९७९ मध्ये वॉकर इव्हान्सने डॉजच्या पिकअपवर सर्व गटांत पहिला क्रमांक मिळवला. पिकअप ट्रकला असं यश पहिल्यांदाच मिळालं. १९९४ मध्ये ट्रॉफी ट्रक हा स्वतंत्र गट आला. आज त्या ट्रकची मागची चाकं तीस इंचांच्या आसपास वर-खाली होतात.

अशा ट्रकविषयी बोलणं निघालं की पहिला प्रश्न हॉर्सपॉवरचा असतो. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. वाळवंटात वेगाला मर्यादा घालतो तो रस्ता. शेकडो गाड्या गेल्या की वाळूत एकामागून एक उंचवटे तयार होतात. त्यांना तिथे व्हूप्स म्हणतात, आणि काही तर माणसाच्या कमरेएवढे असतात. कंपनीतून आलेला पिकअप तिथे जोरात नेला तर दोन-तीन उड्यांतच सस्पेंशन तळाला आदळतं आणि चासीला बाक येतो. म्हणून आधी चाकाला जागा द्यायची असते.

चाक पार खालून पार वर जितकं सरकतं ते ट्रॅव्हल. टोयोटा टाकोमासारख्या पिकअपच्या पुढच्या चाकाला कंपनीकडून सात-आठ इंच मिळतात. तो आकडा बारा-चौदावर न्यायचा तर नुसती लांब स्प्रिंग घालून भागत नाही. चाकाला धरणारे वरचे-खालचे आर्म लांब करावे लागतात. कंपासची त्रिज्या वाढवली की कंस सपाट होतो, तसंच इथे होतं: आर्म लांब असला की तेवढ्याच कोनात चाक जास्त सरकतं आणि त्याचा कल कमी बिघडतो. पण आर्म लांब केल्यावर एक्सलही लांब हवा, कारण एक्सलच्या टोकाचा सीव्ही जॉइंट ठरावीक कोनापलीकडे वळला की फुटतो. चाक पार खाली लोंबकळताना तो कोन ओलांडला जाऊ नये म्हणून नायलॉनचा जाड पट्टा बांधतात. ब्रेकचे होज लांब करावे लागतात. दोन्ही बाजूंनी तीन-चार इंच रुंदी वाढते, म्हणून फायबरग्लासचे फुगीर मडगार्ड येतात. आणि स्टिअरिंगचा टायरॉड आर्मच्या कंसाशी जुळला नाही तर प्रत्येक उंचवट्यावर चाकं आपोआप डावी-उजवी वळतात. शंभराच्या वेगात हा दोष जिवावर बेतू शकतो.

म्हणून चांगल्या फॅब्रिकेटरची पारख त्याच्या वेल्डिंगवरून करू नये, अगोदरच्या मोजमापावरून करावी. तो स्प्रिंग काढून बाजूला ठेवतो, जॅकवर चाक इंच-इंच वर-खाली घेतो, प्रत्येक टप्प्यावर कोन मोजतो, टायर कुठे घासतो ते पाहतो, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून पुन्हा पाहतो. मगच नळ्या कापल्या जातात. ४१३० क्रोमोलीच्या नळीचं तोंड दुसऱ्या नळीच्या गोलाईवर फट न राहता बसेल असं घासायचं, मग टिग वेल्डिंग करायचं. फट धातूने भरून काढलेला जोड दिसायला गुळगुळीत असतो, पण तडा बहुधा तिथेच जातो. हे काम बघत उभं राहण्यात मला आजही विलक्षण आनंद होतो.

खरी परीक्षा शॉकअब्सॉर्बरची. आत पिस्टन तेलातून सरकतो, बारीक वाटांतून तेल ढकललं जातं आणि धक्क्याची ऊर्जा उष्णता होते. तासभर सलग मार खाल्ल्यावर तेल पातळ होतं, फेसाळतं, आणि शॉक नुसता हलत राहतो. यासाठी वेगळ्या टाकीत जास्तीचं तेल ठेवतात आणि त्यावर दाबाखाली नायट्रोजन भरतात. बायपास शॉकची रचना मला सर्वांत हुशारीची वाटते. नळकांड्याच्या बाहेरून छोट्या नळ्या काढलेल्या असतात. पिस्टन मधल्या भागात असताना तेलाला बाहेरून सोपी वाट मिळते आणि शॉक मऊ राहतो. पिस्टन टोकाकडे गेला की त्या वाटा संपतात आणि तो कडक होतो. त्यामुळे लहान खड्ड्यांत चाक सैल धावतं आणि मोठ्या उडीनंतर गाडी आदळत नाही.

मागच्या बाजूला बरेच जण पाटेच (लीफ स्प्रिंग) ठेवतात, पण जास्त लांब आणि लवचिक. शर्यतीचे ट्रक पाटे काढून एक्सल लिंकांवर धरतात. त्यासाठी हौद्यात नळ्यांचा पिंजरा उभारावा लागतो आणि सामान वाहायची जागा जाते. रोज वापरायच्या ट्रकला मी तो मार्ग सुचवणार नाही.

चाकांना अशी जागा मिळाली की इंजिनाचा प्रश्न रास्त ठरतो. मोठे टायर आणि वाढलेलं वजन ओढताना टोयोटाचं २.४ लिटरचं २२आरई इंजिन, टिकाऊपणासाठी कितीही नावाजलेलं असलं तरी, सव्वाशेच्या आतल्या हॉर्सपॉवरने दमतं. तिथे बहुतेकांची निवड असते जनरल मोटर्सचं एलएस कुळातलं व्ही-८. १९९७च्या कॉर्व्हेटमध्ये ते आलं आणि १९९९पासून ४.८, ५.३ आणि ६.० लिटरच्या रूपांत पिकअपमध्ये लाखोंनी बसलं, त्यामुळे भंगारातल्या गाड्यांतून सहज मिळतं. कॅमशाफ्ट ब्लॉकच्या आतच असल्याने हेड अरुंद आणि उंची कमी राहते. म्हणून ते लहान बॉनेटखालीही मावतं.

इंजिन खाली उतरवणं हे सोपं काम. नंतर माउंट, गिअरबॉक्सशी जोडणारी अडॅप्टर प्लेट, प्रोपेलर शाफ्टची नवी लांबी, ऑइल पॅन आणि पुढच्या डिफरन्शियलमधली जागा, मोठा रेडिएटर, योग्य दाबाचा फ्युएल पंप. सर्वांत जास्त दिवस वायरिंग खातं. डॅशबोर्डवरचे काटे चालले पाहिजेत, इंजिनाचा संगणक समाधानी राहिला पाहिजे. आणि दुप्पट ताकद आली की जुने ब्रेक आणि जुना मागचा एक्सल पुरत नाहीत.

कॅलिफोर्नियाचा कायदा या हौसेला वाट देतो, पण कडक अटींवर. नवं इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्यानंतरचं हवं, आणि त्याची धूर नियंत्रणाची सगळी यंत्रणा जागेवर हवी. सरकारने नेमलेला रेफरी ते तपासतो आणि तसं लेबल लावतो. बाहासाठी घडलेली विद्या पुढे मोठ्या कारखान्यांनीही उचलली. २०१० मॉडेलचा फोर्ड एफ-१५० रॅप्टर रुंद चाकं आणि फॉक्सचे बायपास शॉक घेऊनच शोरूममध्ये आला.

आपल्याकडची गरज वेगळी आहे. २०१४पासून गोव्यात भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये वेगाला फारसं स्थान नाही. चिखलात आणि ओढ्यात चारही चाकं जमिनीला टेकलेली राहणं, लॉक होणारं डिफरन्शियल आणि विंच यांवर निकाल ठरतो. हात मात्र आपल्याकडेही आहेत. जुन्या पेट्रोल जिपांत डिझेल इंजिन बसवून त्या वर्षानुवर्षं चालवणारी गॅरेजं या देशात कमी नव्हती. आज मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल यांमुळे कंपनीने ठरवलेल्या रचनेत असा मूलभूत बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाचा विचार केला तर ही सावधगिरी मला समजते. पण कॅलिफोर्नियासारखा रेफरी आपल्या आरटीओत असावा असं मनापासून वाटतं. त्याने गाडी लिफ्टवर चढवावी, जोड तपासावेत, ब्रेकची चाचणी घ्यावी, धूर मोजावा, आणि काम नीट असेल तर आरसी बुकात नव्या इंजिनाचा नंबर लिहून द्यावा.