प्रदर्शन-सेवक संकेतातील वस्तुनिर्मिती

प्रदर्शन-सेवक संकेतातील वस्तुनिर्मिती : संगणकाच्या एकाच पडद्यावर अनेक आज्ञावलींची चित्रे दाखविण्याची व्यवस्था पाहणाऱ्या आज्ञावलीस प्रदर्शन-सेवक अथवा डिस्प्ले सर्व्हर म्हणतात. तिची सेवा घेणारी आज्ञावली म्हणजे ग्राहक, तर दोहोंतील संदेशांची ठरीव पद्धती म्हणजे संकेत होय. खिडकी, चित्रपृष्ठ, कळफलक इत्यादींना संकेताच्या परिभाषेत वस्तू म्हणतात. प्रत्येक वस्तू क्रमांकाने ओळखली जाते.

नव्या वस्तूचा क्रमांक बहुधा ग्राहकच निवडतो. त्यामुळे उत्तराची वाट न पाहता त्याला पुढील विनंत्या पाठविता येतात. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘एक्स’ प्रणालीच्या अकराव्या आवृत्तीत (१९८७) सेवक प्रत्येक ग्राहकास क्रमांकांचा स्वतंत्र पट्टा नेमून देतो. पट्ट्याबाहेरचा किंवा वापरात असलेला क्रमांक चूक ठरतो.

क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनी २००८ मध्ये आरंभिलेल्या ‘वेलँड’ संकेताची १.० ही आवृत्ती २०१२ मध्ये निघाली. तीत क्रमांक ३२ बिटांचा असून शून्य म्हणजे वस्तूचा अभाव आणि १ म्हणजे मूळ प्रदर्शन-वस्तू. सर्वांत वरचे १,६७,७७,२१६ क्रमांक सेवकाने निर्मिलेल्या वस्तूंसाठी राखीव असतात. मूळ वस्तूखेरीज प्रत्येक वस्तू आधीच्या एखाद्या वस्तूमार्फतच निर्माण होते आणि सामान्यतः जनक वस्तूची आवृत्ती तिला लागू होते. ग्राहकाने निर्मिलेली वस्तू नष्ट झाली, तरी सेवकाची पोच मिळेपर्यंत तिचा क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. कारण तिला उद्देशून निघालेले संदेश अद्याप वाटेत असू शकतात.

या नियमांचे लेखन काटेकोर असावे लागते. संदेशात वस्तूचा क्रमांक, कृतीचा अनुक्रमांक व लांबी असते. वस्तूचा प्रकार मात्र नसतो. त्यामुळे प्रकाराविषयी दोन्ही बाजूंची समजूत वेगळी झाल्यास संदेशाचा अर्थच लागत नाही. संकेताचे वर्णन एक्सएमएल या लेखनपद्धतीत केलेले असते व त्यावरून दोन्ही बाजूंसाठी लागणारा सी भाषेतील मजकूर यंत्राने तयार होतो. परंतु सर्व नियम अशा साच्यात बसत नाहीत. उदा., चित्रपृष्ठास एकदा एक भूमिका दिल्यावर वेगळ्या प्रकारची भूमिका देता येत नाही, हा नियम वर्णनातील गद्य वाक्यांतच सांगावा लागतो. असे वाक्य संदिग्ध राहिल्यास परस्परांना अपरिचित असलेले आज्ञावलीकार त्याचे निरनिराळे अर्थ लावतात. नियमभंग झाल्यास वेलँडमध्ये सेवक चूक कळवून संपर्क तोडतो. त्यामुळे सामान्यतः ग्राहक-आज्ञावली बंद पडते आणि वापरणाऱ्याचे न साठविलेले काम नाहीसे होते.