नवजात बाळाचा कोविड: धोका विषाणूचा, की ताटातुटीचा?

भोपाळच्या जुन्या शहरातल्या सुलतानिया जनाना रुग्णालयात ७ एप्रिल २०२० रोजी एक मुलगी जन्मली. बाळ-बाळंतीण घरी गेल्या आणि मग कळलं की, बाळंतपणाच्या वेळी कामावर असलेल्या एका आरोग्य कर्मचारी महिलेला कोरोनाची लागण झालेली होती. तपासण्या झाल्या. ज्या वयात मराठी घरांत बारशाचा पाळणा बांधला जातो, त्या बारा दिवसांच्या वयात या मुलीचा अहवाल पॉझिटिव्ह आला. देशातल्या सर्वांत लहान कोरोनाबाधितांमध्ये तिची गणना झाली. उपचारांनंतर ती बरी होऊन घरी गेली.

भोपाळमधल्या सुरुवातीच्या रुग्णांत आरोग्य खात्यातले अधिकारी-कर्मचारी आणि पोलीस यांचाच भरणा मोठा होता. या मुलीची लागणही आईच्या पोटातून नव्हे, तर जन्मानंतरच्या संपर्कातून झाल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. घरोघरची भीती मात्र निराळी होती. बाळंतिणीला कोविड म्हणजे बाळालाही होणारच, तेव्हा बाळाला लांब ठेवा, अंगावर पाजू नका, असं सर्रास बोललं जात होतं. साथ ओसरल्यावर जमा झालेली माहिती पाहिली, तर ही भीती बरीचशी चुकीच्या जागी होती असं दिसतं. बहुतेक नवजात बाळांना खुद्द विषाणूने फारसं काही केलं नाही. त्यांचं नुकसान अधिक झालं ते आईच्या आजारपणामुळे, आणि काही ठिकाणी आईपासून तोडल्यामुळे.

पोटात, प्रसूतीत की पाळण्यात?

नवजात बाळापर्यंत हा विषाणू तीन वाटांनी पोचू शकतो: गर्भात वारेतून, प्रसूतीच्या वेळी, आणि जन्मानंतर माणसांच्या श्वासातून. यातली पहिली वाट खरोखर आहे का, याबद्दल २०२० च्या मध्यापर्यंत डॉक्टरांत एकमत नव्हतं. ते होण्यात पुण्याच्या ससून रुग्णालयाचा वाटा आहे. तिथे मे २०२० च्या अखेरीस जन्मलेल्या एका मुलीच्या आईला प्रसूतीच्या आठवडाभर आधी ताप येऊन गेला होता, पण तिच्या नाकातल्या स्वॅबमध्ये काही सापडलं नाही. बाळाचा स्वॅब, नाळ आणि वार मात्र पॉझिटिव्ह निघाले. दोन-तीन दिवसांत बाळाला ताप आला, ते मलूल झालं, अंगात दाह उसळला. सुमारे तीन आठवड्यांनी ते बरं होऊन घरी गेलं. ससूनच्या बालरोग विभागाच्या प्रमुख डॉ. आरती किणीकर यांनी जुलैमध्ये ही माहिती जाहीर केली. त्याच महिन्यात पॅरिसजवळच्या क्लामार इथल्या डॉक्टरांनीही वारेतून लागण झालेल्या बाळाची सविस्तर नोंद प्रसिद्ध केली.

तरीही ही वाट अरुंद आहे. पेशीत शिरायला या विषाणूला एसीई-२ आणि टीएमपीआरएसएस-२ अशी दोन प्रथिनं लागतात. वारेच्या एकाच पेशीवर ही दोन्ही सहसा एकत्र सापडत नाहीत. शिवाय हा मुख्यतः श्वसनमार्गाचा विषाणू. आईच्या रक्तात तो फार क्वचित आणि थोडा वेळ असतो. त्यामुळे वार बहुतेक वेळा त्याला अडवते.

आकडे काय सांगतात

‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०२२ मध्ये जगभरातल्या १४० अभ्यासांचा एकत्रित आढावा छापला. कोविड झालेल्या मातांच्या १४,२७१ बाळांपैकी फक्त १.८ टक्के बाळं पॉझिटिव्ह आली होती. भारतात नॅशनल निओनॅटॉलॉजी फोरम या नवजात बाळांच्या डॉक्टरांच्या संघटनेने २० केंद्रांतली माहिती एका नोंदवहीत गोळा केली. त्या केंद्रांतच जन्मलेल्या अशा १३३० बाळांत लागण झालेली बाळं १०६ भरली, म्हणजे सुमारे ८ टक्के. दोन आकड्यांत तफावत आहे. कोणत्या रुग्णालयात, जन्मानंतर किती तासांनी आणि कितीदा तपासलं, यावर असे आकडे हलतात. पण दोन्हींचा अर्थ एकच: कोविड झालेल्या मातांची दहातली नऊ किंवा त्याहून अधिक बाळं लागणीविना जन्मली. भारतीय नोंदवहीतली दुसरी गोष्टही महत्त्वाची आहे. लागण झालेल्या बाळांत लक्षणं दिसण्याचं आणि जन्मताच श्वासासाठी मदत लागण्याचं प्रमाण लागण न झालेल्या बाळांपेक्षा जास्त होतं.

लागण झालेल्या नवजात बाळात दिसतं काय? अनेकदा काहीच नाही. कधी ताप, सर्दी, दूध न ओढणं, मलूलपणा, उलट्या-जुलाब, तर कधी धाप. ही सगळी लक्षणं नवजात बाळाच्या इतर जंतुसंसर्गांतही दिसतात. त्यामुळे कोविडचा अहवाल हाती आल्यावरही रक्तातला जंतुदोष आणि न्यूमोनिया शोधावाच लागतो. विषाणूवरचं खास औषध बहुतेक बाळांना लागत नाही. ऊब, दूध, गरज पडली तर प्राणवायू आणि बारीक नजर हेच उपचार.

दूध तोडायचं कारण नव्हतं

अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने एप्रिल २०२० मध्ये आई-बाळाला तात्पुरतं वेगळं ठेवण्याचा सल्ला दिला आणि जुलैमध्ये तो बदलला. जागतिक आरोग्य संघटना सुरुवातीपासून सांगत होती की, आईने मास्क लावावा, हात धुवावेत आणि बाळाला अंगावर पाजावं. कॅलिफोर्नियात लागण झालेल्या १८ मातांच्या दुधाचे ६४ नमुने तपासले गेले. एका नमुन्यात विषाणूच्या जनुकीय खुणा मिळाल्या, पण लागण करू शकेल असा जिवंत विषाणू एकातही सापडला नाही. उलट या दुधातून बाळाला विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं मिळतात, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. मुंबईच्या नायर रुग्णालयात एप्रिल २०२० पासून साधारण वर्षभरात कोविड झालेल्या मातांची हजाराहून अधिक बाळं जन्मली. एवढ्या बाळांना वेगळं ठेवून वरचं दूध पाजायचं म्हटलं, तर किती हात लागले असते याचा हिशेब करून पाहावा.

ताटातुटीची किंमत सर्वाधिक मोजतं ते अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं बाळ. त्याला आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवणं, म्हणजे ‘कांगारू’ पद्धत, हे औषधाइतकंच मोलाचं. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या हिशेबानुसार ही पद्धत सर्वत्र नीट राबवली, तर सव्वा लाखांहून अधिक बाळांचे प्राण वाचू शकतात. कोविडने जाऊ शकणाऱ्या जिवांच्या तुलनेत हा लाभ ६५ पट भरतो.

कोल्हापूरची नोंद

याचा अर्थ सगळं आलबेल होतं असा नाही. कोल्हापुरात सप्टेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात दाखल झालेल्या २० नवजात बाळांची एक नोंद ‘चिल्ड्रन’ या नियतकालिकात आली. या बाळांच्या मातांना गरोदरपणी कोविड होऊन गेला होता. बाळांच्या अंगात मात्र विषाणूपेक्षा दाहाचाच जोर होता. २० पैकी १८ बाळांच्या हृदयावर परिणाम दिसला: ठोक्यांच्या लयीत बिघाड, रक्तदाब कोसळणं किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगणं. ताप फक्त दोघांना होता. दोन बाळं दगावली, बाकीची वाचली. आईकडून वारेतून आलेली प्रतिपिंडं या दाहाला कारण होत असावीत, असा डॉक्टरांचा कयास आहे. त्यावर चर्चा अजून चालू आहे. हा प्रकार विरळा आहे. तरी ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नये, हा कोल्हापूरच्या डॉक्टरांनी दाखवून दिलेला मुद्दा प्रत्येक नवजात कक्षात लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आजारी आई, अपुऱ्या दिवसांचं बाळ

१८ देशांतल्या २१३० गरोदर स्त्रियांच्या ‘इंटरकोविड’ अभ्यासात कोविड झालेल्या स्त्रियांत अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचं प्रमाण सुमारे दीडपट आढळलं. आईचा प्राणवायू घसरला की तिचा जीव वाचवण्यासाठी प्रसूती लवकर करावी लागते आणि मग बाळाला कोविड नसूनही काचेच्या पेटीत राहावं लागतं. अमेरिकेत सप्टेंबर २०२१ पर्यंतच्या प्रसूती तपासल्या गेल्या. मृत बाळ जन्मण्याचं प्रमाण कोविड नसलेल्या मातांत ०.६४ टक्के, तर कोविड झालेल्यांत १.२६ टक्के होतं. विषाणूच्या डेल्टा प्रकाराच्या काळात कोविड झालेल्या मातांत ते २.७ टक्क्यांवर गेलं. अशा काही बाळांच्या वारा तपासल्यावर त्या विषाणूने निकामी झालेल्या आढळल्या. बाळापर्यंत विषाणू न पोचताही त्याचा रक्तपुरवठा तुटला होता.

यावरचा उपाय लस हा होता. भारताने गरोदर स्त्रियांना लस घ्यायची परवानगी २ जुलै २०२१ रोजी दिली, तोवर दुसरी लाट ओसरलेली होती. गरोदरपणी घेतलेली लस बाळालाही उपयोगी पडते. सहा महिन्यांखालच्या बाळांना कोविडने रुग्णालयात दाखल व्हावं लागण्यापासून तिने ६१ टक्के संरक्षण दिल्याचं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२२ मध्ये नोंदवलं. गरोदर स्त्रियांच्या लसीला झालेला उशीर ही साथीच्या काळातली एक ढळढळीत चूक होती.

भोपाळचा जुना धडा

गरोदर आईवर आलेलं संकट बाळाच्या आयुष्यात कसं उतरतं, हे भोपाळला नव्याने सांगायला नको. डिसेंबर १९८४ च्या वायुकांडानंतर मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले डॉ. दया वर्मा यांनी विषारी वायू गळालेल्या कारखान्यापासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, गळतीच्या रात्री गरोदर असलेल्या ८६५ स्त्रियांची माहिती घेतली. ४३ टक्के गरोदरपणांतून जिवंत बाळ हाती आलं नाही. जी ४८६ बाळं जिवंत जन्मली, त्यांतली १४ टक्के पहिल्या ३० दिवसांत गेली. त्याआधीच्या दोन वर्षांत हेच प्रमाण ३ टक्क्यांच्या आत होतं. पुढे बाळांचं काय झालं, याचा पाठपुरावा मात्र तुटक राहिला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं (आयसीएमआर) वायुपीडितांवरचं संशोधन १९९४ मध्ये थांबलं आणि पर्यावरणीय आरोग्यावरची राष्ट्रीय संशोधन संस्था भोपाळमध्ये उभी राहिली ती २०१० मध्ये.

विषारी वायू आणि विषाणू यांची बरोबरी होऊ शकत नाही. पण बाळ घरी गेलं म्हणजे प्रश्न मिटला, असं मानण्याची चूक दोन्हीकडे होऊ शकते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने २५५ बाळांची सहाव्या महिन्यात पाहणी केली. साथीच्या काळात जन्मलेली बाळं हालचाल आणि सामाजिक प्रतिसादात किंचित मागे होती, पण आईला कोविड झाला होता की नाही याने फरक पडला नव्हता. त्या काळचा ताण आणि एकटेपणही बाळांपर्यंत पोचलं असावं, असा त्याचा एक अर्थ लावला गेला. अशा बाळांची वाढ वर्षानुवर्षं पाहत राहणं हाच यावरचा मार्ग.

त्यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरपोच नवजात बाळसेवेची पद्धत घडवली. तिथल्या नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट झाल्याचं ‘लॅन्सेट’ने १९९९ मध्ये छापलं. आज देशभर आशाताई रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटायला येतात, त्या याच कामाच्या पायावर.

तेव्हा घरात बाळंतीण आणि तान्हं बाळ असेल, तर एवढं करा. कोणाला सर्दी-ताप असेल तर त्याने बाळाजवळ जाऊ नये. आईच आजारी असेल तर तिने मास्क लावावा, हात धुवावेत, पण पाजणं थांबवू नये. बाळ दूध ओढेनासं झालं, अंगाला गार किंवा तापलेलं लागलं, मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक श्वास घेऊ लागलं, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा झटके आले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. आशाताई दारात आल्या तर त्यांना बाहेरूनच परत पाठवू नका; आत बोलवा, बाळ दाखवा.