विषबाधेचे रुग्णालयप्रवेश आणि मृत्युसंख्या

रुग्णालयाच्या दप्तरात विषबाधेचे रुग्ण वाढले की मृत्यूही वाढले असावेत, असा तर्क सहज केला जातो. श्रीलंकेतील आकडे त्यास दुजोरा देत नाहीत. १९८६ ते २००० या काळात तेथील विषबाधेचे रुग्णालयप्रवेश दुप्पट झाले. तथापि दाखल झालेल्यांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण घटले. याचे कारण मुख्यत्वे विषाच्या जातीत शोधावे लागते. मोनोक्रोटोफॉस, मेथामिडोफॉस यांसारख्या अतितीव्र कीटकनाशकांची आयात १९९१ पासून क्रमाने कमी करून १९९५ मध्ये बंद करण्यात आली. त्यांची जागा एन्डोसल्फान आदी द्रव्यांनी घेतली, आणि अपस्माराच्या अखंड झटक्यांनी होणारे मृत्यू १९९४ मधील एकावरून १९९८ मध्ये ५० वर गेले. पिकावरील कीड बंदीहुकुमाने मरत नाही, हे योजकांनी आधीच ध्यानी घ्यावयास हवे होते. १९९८ मध्ये एन्डोसल्फानवरही बंदी आली. पुढील तीन वर्षांत त्याचे बळी ५० वरून ३ वर उतरले.

प्रवेशसंख्या ही घातकतेचे माप नव्हे. रुग्णालयाच्या वाटेवरच ज्याचा अंत होतो, त्याची नोंद तीत नसतेच. विष सौम्य झाले, की असाच मनुष्य जिवंत पोचतो आणि त्या संख्येत भर घालतो.