इनाम पुकारून द्यावे

पिंपरी-चिंचवड परिसरातल्या भोसरी, चिखली, मोशी, चाकण, खेड या पट्ट्यात जत्रेचा फड भरला की कुस्ती लागण्याआधी तिची रक्कम पुकारली जाते. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर होतात. मग शेकड्यांच्या, हजारांच्या आणि शेवटी मोठ्या इनामाची मानाची कुस्ती. देणगीदार कोण, आकडा किती, पैलवान कुठल्या गावचा, कोणत्या वस्तादाच्या तालमीतला, हे सगळे हलगीच्या कडकडाटात ध्वनिक्षेपकावरून सांगितले जाते. निकाल लागला की रक्कम चारचौघांदेखत पैलवानाच्या हाती पडते. पैसे घेतले म्हणून त्याला कोणी हिणवत नाही. दोघांनी आधीच संगनमत करून लढत रंगवली, तर मात्र ‘नुरा कुस्ती’ म्हणून फड हुर्यो उडवतो.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन बास्केटबॉलने नेमकी उलटी रीत पाळली. तिथे या खेळाचे सामने दूरचित्रवाणीवर अब्जावधी डॉलरना विकले जातात, प्रशिक्षकांना लाखो डॉलर पगार मिळतो. खेळाडूने मात्र शिष्यवृत्तीपलीकडे काही घेणे हा नियमभंग होता. या बंधनाचे नाव हौशीपणा. बंदी असूनही पैसा थांबला नाही, तो मागच्या दाराने आला. 26 सप्टेंबर 2017 रोजी न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी चार सहायक प्रशिक्षक आणि आदिदासचा एक अधिकारी यांच्यासह दहा जणांवर आरोप ठेवले. एका होतकरू खेळाडूने लुईव्हिल विद्यापीठात यावे म्हणून त्याच्या घरच्यांना एक लाख डॉलर देण्याचे ठरले होते, हा त्यातला गाजलेला भाग. विद्यापीठाचे नामवंत प्रशिक्षक रिक पिटिनो यांची नोकरी गेली, आदिदासचा अधिकारी 2018 मध्ये दोषी ठरला. आणि तो मुलगा महाविद्यालयीन बास्केटबॉलचा एकही सामना खेळू शकला नाही.

पुढे नियमच कोसळले. 21 जून 2021 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन क्रीडा संघटनेविरुद्ध एकमताने निकाल दिला. त्याच वर्षीच्या 1 जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि छबीवर कमाई करण्याची मुभा मिळाली. 2025 च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंतची रक्कम खेळाडूंना थेट वाटू शकतात. कालचा गुन्हा आज करारपत्र झाला.

आपल्याकडे महाविद्यालयीन खेळाला असा बाजारभाव कधी नव्हताच. इथे खेळाडूला मिळणारा खरा मोबदला नोकरीचा. पुण्याची शिरीन लिमये भारतासाठी बास्केटबॉल खेळली आणि राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेकडून उतरली. कबड्डीतही रेल्वे, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्र यांचे संघ म्हणजे आधी पगार आणि मग पदक असेच होते. पिंपरी-चिंचवड तर कारखान्यांचेच शहर. आधी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, मग बजाज, टेल्को आणि पुढे चाकणला फोक्सवॅगन, महिंद्र. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धांनी पाळीवरच्या कामगारालाही मैदान दिले. कायम नोकरीच्या त्या काळात खेळाडूला पाकीट देण्याची गरजच पडत नसे. आता कारखान्यांत कंत्राटी कामगार अधिक, त्यामुळे खेळाच्या जोरावर पक्की नोकरी मिळण्याची वाट अरुंद झाली आहे.

पैसा संपला असे मात्र नाही, त्याने रस्ता बदलला. कारखान्यांसाठी गेलेल्या जमिनींमुळे या पट्ट्यातल्या गावांच्या हाती पैसा आला आणि जत्रांची इनामे फुगली. 2022 मध्ये चिखलीच्या बैलगाडा शर्यतीत जेसीबी, बोलेरो, ट्रॅक्टर अशी बक्षिसे होती. जानेवारी 2023 मध्ये कोथरूडला राजगुरुनगरजवळच्या राक्षेवाडीच्या शिवराज राक्षेने महेंद्र गायकवाडला हरवून महाराष्ट्र केसरीची गदा पटकावली. त्याला थार गाडी आणि पाच लाख रुपये मिळाले. त्याच्या आदल्याच वर्षी, 2022 मध्ये, साताऱ्याला गदा जिंकलेल्या पृथ्वीराज पाटीलला संयोजकांकडून रोख बक्षीसच मिळाले नव्हते आणि त्याने ती नाराजी जाहीर बोलून दाखवली होती. पैलवानाला दूध, तूप, बदाम यांचा खुराक मात्र वर्षभर रोज लागतो. त्याचा खर्च भागतो घरच्या शेतीवर, वस्तादाच्या ओळखीवर किंवा एखाद्या हौशी दात्यावर. जिंकल्यावर गाडी देणारे पुष्कळ, जिंकण्याआधीची चार वर्षे पोसणारे थोडे.

या जागी एक जुनी गोष्ट आठवावी. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैलवान खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कॉलेजच्या प्रमुखाने खेळाडूला पैसे देणे अमेरिकी नियमांत बसले नसते. आपण त्याला गुरूचे ऋण म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. हे पैसे लपवले नव्हते, त्यामागे सौदा नव्हता आणि ते ज्याच्यासाठी होते त्याच्याच कामी आले.

आपला मागचा दरवाजा दुसरीकडे आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत आहे. त्यामुळे प्रमाणपत्राला किंमत आली आणि किंमत आली की नक्कल आलीच. ट्रॅम्पोलिन, टंबलिंग अशा फारशा न खेळल्या जाणाऱ्या खेळांची खोटी प्रमाणपत्रे दाखवून नोकऱ्या मिळवल्याचे उघडकीस आले, क्रीडा खात्यातल्या अधिकाऱ्यांवरही गुन्हे दाखल झाले. 2022 मध्ये तर क्रीडा खात्याला खोटी प्रमाणपत्रे स्वतःहून परत करण्याचे आवाहन करावे लागले. अमेरिकेत निदान खेळ येणाऱ्या मुलासाठी पैसे दिले गेले. इथे न खेळणाऱ्याने पैसे मोजून खेळणाऱ्याची जागा घेतली. दोन्हींतला हा दुसरा गुन्हा मोठा. त्यात सराव करणाऱ्या मुलाच्या ताटातला घास जातो आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

याउलट, उघड पैशाबद्दल व्यावसायिक कबड्डी लीगने एक गोष्ट सिद्ध केली आहे. 2014 च्या पहिल्या लिलावात सर्वांत महागडा खेळाडू 12 लाख 80 हजारांचा होता. 2023 मध्ये पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूसाठी 2 कोटी 35 लाख मोजले आणि 2024 मध्ये विजेतेपद मिळवले. आकडा सगळ्यांना ठाऊक होता, म्हणून खेळ बाटला नाही.

पैशाने खेळ बिघडतो, ही भीती अर्धवट आहे. लपवलेल्या पैशाने तो बिघडतो. म्हणून क्रीडा मंडळांनी, महाविद्यालयांनी आणि चाकण-भोसरीच्या उद्योजकांनी जत्रेचा रिवाज वर्षभर पाळावा: कोणत्या मुलाला किती खुराक, किती फीमाफी, कोणाकडून, हे फलकावर लिहावे. क्रीडा खात्याने दिलेले प्रत्येक प्रमाणपत्र स्पर्धा, तारीख आणि निकालासह लोकांना पाहता येईल असे ठेवावे. आणि पालकांनो, तुमच्या मुलासाठी कोणी प्रमाणपत्राचा भाव सांगत आले, तर त्याला दारातूनच परत पाठवा. तो तुमच्याच शेजाऱ्याच्या मुलाची नोकरी विकत असतो.