वाद्यवृंदापुढे उभा राहणारा विद्यार्थी

गाणे शिकणाऱ्या मुलाला, मग तो ग्वाल्हेरचा असो, बेळगावचा असो की बडोद्याचा, साथीवाचून फार काळ अडून राहावे लागत नाही. तंबोरा घरात असतो, पेटी शेजारी मिळते आणि तबलजीही शोधल्यास सापडतो. गुरूसमोर बसून जे शिकावयाचे, तेच पुढे मैफलीत मांडावयाचे असते. पाश्चात्त्य संगीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण निराळी आहे. जी रचना तो वर्ष वर्ष घोटतो, तिची निम्मी बाजू साठ-सत्तर वादकांच्या हाती असते. आणि ते वादक त्याच्या सरावाच्या खोलीत कधीच येत नाहीत. ही अडचण ध्यानी घेतली, म्हणजे विद्यापीठांच्या संगीतविद्यालयांत होणाऱ्या कॉन्चेर्तो-स्पर्धांचा अर्थ नीट उलगडतो.

कॉन्चेर्तो म्हणजे एक वादक आणि संपूर्ण वाद्यवृंद ह्यांच्यातील संवाद. कधी तो सलगीचा, कधी झगड्याचा. हा प्रकार मूळचा इटलीतला. विवाल्दीच्या हातून त्याला घाट आला. जलद, विलंबित आणि पुन्हा जलद, असे त्याचे साधारणपणे तीन भाग असतात. पहिल्या भागाच्या अखेरीस वाद्यवृंद थांबतो आणि एकल वादक एकटाच आपले कसब दाखवितो. ह्या जागेला 'कादेंझा' म्हणतात. मोझार्टच्या काळी ती वादकाने आयत्या वेळी सुचेल तशी रंगवावी, असा रिवाज होता. आपल्याकडील उपज-अंगाची येथे सहज आठवण होते. पुढे बेथोव्हेनने १८०९ साली रचलेल्या आपल्या पाचव्या पियानो-कॉन्चेर्तोत, येथे वेगळा कादेंझा वाजवू नये, अशी सूचनाच लिहून ठेवली आणि त्या जागचे स्वरही स्वतःच लिहून दिले. तेव्हापासून लिहिलेल्या स्वराचा अधिकार वाढत गेला. आजचा विद्यार्थी बहुधा लिहिलेलाच कादेंझा पाठ करतो.

अशा शिक्षणाचे एक प्रसिद्ध केंद्र म्हणजे अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाचे ईस्टमन संगीतविद्यालय. कोडॅक छायाचित्रण-व्यवसायाचे संस्थापक जॉर्ज ईस्टमन ह्यांच्या देणगीतून ते १९२१ साली सुरू झाले. पुढल्याच वर्षी त्याला जोडून भव्य नाट्यगृहही उभे राहिले. हॉवर्ड हॅन्सन ह्या संगीतरचनाकाराने १९२४ ते १९६४ अशी चाळीस वर्षे त्याची धुरा वाहिली. अशा विद्यालयांत विद्यार्थ्यांचेच वाद्यवृंद असतात. तरीही शेकडो विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाला त्या वाद्यवृंदापुढे उभे करणे शक्य नसते. तालमींचे तास मोजके आणि जलशांच्या संध्याकाळीही मोजक्याच. मग निवड करावी लागते. स्पर्धा म्हणजे ही निवड होय.

तिची रीत ठिकठिकाणी थोडीफार वेगळी असली, तरी सर्वसाधारण क्रम असा असतो. काही विद्यालये त्या त्या वाद्यासाठी एकच रचना ठरवून देतात, तर काही ठिकाणी विद्यार्थी आपल्या शिक्षकाच्या संमतीने रचना निवडतो. प्राथमिक फेरी बहुधा वाद्यवार होते. अंतिम फेरीस कित्येकदा बाहेरचे परीक्षक बोलावतात. वादन सहसा तोंडपाठ करावे लागते. परीक्षक मध्येच थांबवून पुढचा भाग वाजवावयास सांगू शकतात. आणि मुख्य गोष्ट ही, की ह्या फेऱ्यांत प्रायः वाद्यवृंद नसतोच. त्याचे काम एक पियानोवादक करतो. बासऱ्या, शिंगे, नगारे, तंतुवाद्यांच्या रांगा, सारे दोन हातांत मावेल असे संक्षिप्त केलेले असते. ही साथ करणारा मनुष्य स्पर्धेचा अर्धा आधार असला, तरी बक्षिसाच्या यादीत त्याचे नाव क्वचितच येते.

ह्या तडजोडीतून एक मौजेची परिस्थिती उद्भवते. बेथोव्हेनच्या १८०६ सालच्या व्हायोलिन-कॉन्चेर्तोचा आरंभ नगाऱ्याच्या हळुवार ठोक्यांनी होतो आणि एकल वादकाचा पहिला स्वर येईपर्यंत सुमारे तीन मिनिटे लोटतात. स्पर्धेत वेळ वाचविण्यासाठी असा लांब प्रस्ताव बहुधा कापून टाकतात. जिंकलेल्या मुलीला मग जलशाच्या दिवशी, व्हायोलिन हाती धरून, शेकडो डोळ्यांसमोर ती तीन मिनिटे निश्चल उभे राहावे लागते. बोटे गार पडतात, मनात नाना शंका येतात. जी गोष्ट स्पर्धेने तपासलीच नाही, तीच नेमकी पहिली कसोटी ठरते. पियानोच्या साथीत वादकाने किंचित रेंगाळले, तर साथीदार सांभाळून घेतो; साठ जणांचा वृंद तितक्या चपळाईने वळत नाही. मागच्या रांगेतील शिंगांचा स्वर उशिरा कानी येतो. तेथे कानापेक्षा संचालकाच्या हातावर विश्वास ठेवावा लागतो. हे शिक्षण कोणत्याही खोलीत मिळत नाही. म्हणूनच ह्या स्पर्धेचे खरे बक्षीस पैसा नसून वाद्यवृंदासह झालेल्या मोजक्या तालमी आणि ती एक संध्याकाळ हे असते.

स्पर्धांवर आक्षेपही आहेत, आणि ते पोकळ नाहीत. पियानो व व्हायोलिन ह्यांच्यासाठी उत्तमोत्तम रचनांची रास पडलेली आहे. ट्यूबा ह्या अवजड पितळी वाद्यासाठी व्हॉन विल्यम्स ह्या इंग्रज रचनाकाराने कॉन्चेर्तो लिहिला तो १९५४ साली. मग ट्यूबावाल्याची तुलना पियानोवाल्याशी कोणत्या मापाने करावयाची? शिवाय परीक्षेच्या धाकाने विद्यार्थी चुका टाळण्याकडेच लक्ष देतो, आणि बिनचूक परंतु निर्जीव वादन पुढे सरकते, ही भीतीही खरी आहे. ह्यावर उपाय म्हणून कित्येक विद्यालये वाद्यांच्या गटांना आळीपाळीने संधी देतात, किंवा एकाऐवजी अनेक विजेते निवडतात. दोष त्याने नाहीसा होत नाही; थोडा बोथट होतो इतकेच.

परंतु ह्या स्पर्धेची सर्वांत कठीण बाजू नियमांत लिहिलेली नसते. विजेत्यामागे बसणारा वाद्यवृंद विद्यार्थ्यांचाच असतो. आणि स्पर्धेत हरलेली मुले त्याच वृंदात बसलेली असतात. महिनाभरापूर्वी जो कॉन्चेर्तो आपण वाजवावयाचा म्हणून रात्री जागविल्या, त्याच कॉन्चेर्तोची साथ दुसऱ्या व्हायोलिनांच्या रांगेत बसून करावयाची! तेथे गज थोडा आखडता घेतला, तर कोणाला कळणारही नाही. पण संगीत मात्र तेवढे उणे होईल. जो विद्यार्थी अशा वेळी मन मोठे करून वाजवितो, त्याने त्या वर्षी जे मिळविले, ते विजेत्याच्या मिळकतीहून कमी म्हणता येणार नाही.

ही गोष्ट आपल्या भागाला अगदीच परकी नाही. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविले जाई. तेथे तयार झालेले वादक पुढे मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसले. त्यांतील फारच थोड्यांना वृंदापुढे एकटे उभे राहण्याची संधी मिळाली. तरीही त्यांच्या रांगांनीच लक्षावधी श्रोत्यांचे कान तृप्त केले. मुंबईत १९३५ साली सिंफनी वाद्यवृंद उभारणारे मेहली मेहता (१९०८–२००२) हेही पुढे अमेरिकेत गेले. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी वाद्यवृंद-विभाग सांभाळला आणि १९६४ साली 'अमेरिकन यूथ सिंफनी' हा तरुणांचा वृंद स्थापून तीन दशकांहून अधिक काळ घडविला.

एक मूल पुढे उभे राहते, तेव्हा साठ मुले मागे बसलेली असतात. स्पर्धा त्या एकाला निवडते. विद्यालयाची योग्यता मात्र मागे बसलेली साठ मुले कशी वाजवितात, ह्यावरूनच ठरते.