नंबर तोच, पर्याय मोजकेच

जुलै २०२४च्या पहिल्याच आठवड्यात देशातील तिन्ही खासगी मोबाइल कंपन्यांनी पाठोपाठ दरवाढ केली. सरकारी मालकीच्या भारत संचार निगमने मात्र दर कायम ठेवले. परिणाम तात्काळ दिसला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) आकडेवारीनुसार त्या एका महिन्यात निगमचे ग्राहक सुमारे २९ लाखांनी वाढले. तिन्ही खासगी कंपन्यांचे घटले.

नंबर न बदलता कंपनी बदलण्याच्या सोयीमुळे हे स्थलांतर सुकर झाले. नोव्हेंबर २०१०मध्ये हरियाणात सुरू झालेली ही सोय जानेवारी २०११मध्ये देशभर लागू झाली. जुलै २०१५पासून दूरसंचार परिमंडळ ओलांडले तरी नंबर कायम ठेवता येऊ लागला. नागपूरहून दिल्लीत बदलून आलेल्या अधिकाऱ्याला किंवा रोजगारासाठी आलेल्या कारागिराला या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको. बँकेपासून गावाकडच्या नातलगांपर्यंत सारे त्या एका नंबरला जोडलेले असतात.

तथापि, निगमकडे आलेला हा ओघ टिकला नाही. वर्ष संपण्यापूर्वीच ओहोटी लागली. खासगी कंपन्यांनी ऑक्टोबर २०२२मध्ये ‘फाइव्ह-जी’ सेवेस प्रारंभ केला होता. निगमच्या स्वदेशी ‘फोर-जी’ जाळ्याचे देशव्यापी उद्‌घाटन व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडला. दरम्यान २०१९, २०२२ आणि २०२३ अशी तीन पुनरुज्जीवन पॅकेजे मंत्रिमंडळाने मंजूर केली होती. स्वस्त दराला सक्षम जाळ्याची जोड नसेल, तर ग्राहक नाइलाजाने महाग सेवेकडे परततो.

खरा प्रश्न धोरणाचा आहे. मोबाइलचे दर ठरविण्याची मोकळीक ‘ट्राय’ने कंपन्यांना दिली आहे. स्पर्धा तीव्र असेल तर दर आपोआप आटोक्यात राहतील, हे त्यामागील गृहीतक. पण एकेकाळी एकेका परिमंडळात अनेक कंपन्या झुंजत होत्या, तिथे आता तीन खासगी आणि एक सरकारी एवढेच खेळाडू उरले आहेत. त्यातील व्होडाफोन आयडियामध्येही, थकबाकीचे समभागांत रूपांतर झाल्याने, २०२५मध्ये सरकारचा वाटा सुमारे ४९ टक्क्यांवर गेला. म्हणजे लहरींचा विक्रेता, थकबाकीचा धनको, एका कंपनीचा मालक आणि दुसरीचा मोठा भागधारक अशा साऱ्या भूमिका सरकारकडेच आहेत. दरवाढीने कंपन्या सावरल्या, तर सरकारची येणीही सुरक्षित होतात. अशा स्थितीत ग्राहकाची बाजू मांडायची कोणी, याचे उत्तर संसदेने सरकारकडून घेतले पाहिजे. कंपनी सोडण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला. जाण्याजोगे ठिकाण उपलब्ध ठेवणे ही धोरणकर्त्यांची जबाबदारी आहे.