लाडू चालतो, मग माणूस?

शाहूपुरीतल्या ऑफिसातून सुटल्यावर कुंभार गल्लीतून कधी चक्कर मारलीय? गणपतीच्या आधी तिथे नुसती धांदल असते. तिथल्या पोरांना मूर्ती घडवायचं शिक्षण घरातच मिळतं. पण हीच कला कुणाला तुरुंगात शिकायला मिळाली तर? नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात 2017 पासून कैदी गणेशमूर्ती घडवू लागले. आणि त्यांना शिकवणारा पहिला गुरूही कैदीच होता!

लांब कशाला, आपल्या कळंब्याचंच बघा ना. अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू काही वर्षं कळंबा जेलमधले कैदी वळायचे. आपण ते भक्तिभावाने खाल्ले, पाहुण्यांनाही दिले. कुणी वळले, हे विचारलं नाही. छानच झालं! पण तोच माणूस शिक्षा भोगून सुटला आणि बायोडाटा घेऊन तुमच्या ऑफिसात आला, तर?

तुरुंगात शिकायची सोय आहे. सुतारकाम, शिवणकाम, बेकरी अशी कामं शिकवली जातात. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि ‘इग्नू’ची अभ्यासकेंद्रंही राज्यातल्या कारागृहांत आहेत. परीक्षा पास झालात तर शिक्षेत काही दिवसांची सूटही मिळते. ‘गुन्हा करणाऱ्यांवर आपला पैसा कशाला?’ असं चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणतंच. मग जरा हिशेब ऐका. अमेरिकेतल्या ‘रँड’ संस्थेने 2013 मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र तपासले. कैद्यांच्या शिक्षणावर एक डॉलर घातला, तर पुढच्या 3 वर्षांत तुरुंगावरचे 4 ते 5 डॉलर वाचतात, असं निघालं. कारण सोपं आहे : शिकलेला माणूस परत आत येण्याची शक्यता कमी होते.

राहिला विश्वासाचा मुद्दा. तो प्रयोग तर आपल्या शेजारीच झालाय. औंध संस्थानाने 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. उंच भिंती नाहीत, गजांच्या कोठड्या नाहीत. कैद्यांनी शेती करायची, बायकामुलांसोबत राहायचं. याच प्रयोगावरून आपल्या कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. थिएटरात आपण त्या कैद्यांसाठी रडतो. इंटरव्ह्यूच्या टेबलावर मात्र फाइल बाजूला सरकवतो.

डोळे झाकून कुणालाही घ्या, असं अजिबात नाही. गुन्हा काय होता, काम कोणतं आहे, हे बघायलाच हवं. पण फॉर्मवर ‘पूर्वी शिक्षा झाली आहे का?’ या रकान्यात ‘हो’ दिसलं म्हणून तिथेच फुली मारू नका. आत 4 वर्षं शिकलेलं काम बाहेर कुणी दिलंच नाही, तर ते शिक्षण वाया गेलं आणि आपले पैसेही.

पुढच्या वेळी असा कुणी समोर बसला, तर इतरांना विचारता तेच त्यालाही विचारा : ‘तुम्हाला काय काय येतं?’